आधी पुढचं टायर दाखव

टायर घ्यायला आलेला पोरगा गाडी साइड स्टँडवर लावतो आणि थेट मागच्या चाकापाशी जाऊन बसतो. टायरवरून हात फिरवतो, खिशातून मोबाइल काढतो आणि फोटो दाखवतो. "काका, असं पाहिजे. रुंद." फोटो कुठल्यातरी सहाशे सीसीच्या गाडीचा असतो, याची गाडी दीडशेची. वीस वर्षांत गाड्या बदलल्या, मोबाइल बदलले, पोरांची बसायची जागा काही बदलली नाही. आल्या आल्या पुढच्या चाकापाशी बसलेली गिऱ्हाइकं मला बोटांवर मोजता येतील, आणि त्यांतले दोन तरी स्वतः मेकॅनिक होते.

जळगावात अजिंठा चौफुलीच्या अलीकडे माझं दुकान आहे, २००४ पासून. ट्रकचं काम मी करत नाही. माझ्याकडे येतात त्या दुचाक्या, आणि त्यांतल्याही बहुतेक रोजच्या कामाच्या. शेतकऱ्याची स्प्लेंडर, दूधवाल्याची प्लॅटिना, मास्तरांची शाइन. तिथे निवड वगैरे नसते. "टायर टाकून दे भाऊ, चांगलं टाक," एवढं बोलून माणूस चहाला जातो. निवडीचा घोळ सुरू होतो तो आर-१५, पल्सर २२०, आरएस २००, जिक्सर, ड्यूक अशा गाड्यांपाशी. या गाड्यांचे मालक चहाला जात नाहीत. समोर उभे राहून प्रत्येक टॉमी कुठे लागतेय ते बघतात. रिमवर चरा पडला तर त्यांच्या तोंडावर उमटतो. मला ही पोरं आवडतात. गाडीवर इतका जीव लावणारा माणूस टायर मात्र डोळ्यांनी निवडतो, आणि तो तसा का निवडतो ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. कळायला एका पोराचं खांद्याचं हाड मोडावं लागलं. त्यात माझा वाटा होता म्हणूनच हे लिहायला बसलोय.

काम शिकलो ते धुळ्याला, मामांकडे. दहावीला गचकलो आणि १९९१ च्या उन्हाळ्यात वडिलांनी जुन्या आग्रा रोडच्या एका बोळात मामांच्या दुकानी नेऊन सोडलं. दुकान म्हणजे एक कॉम्प्रेसर, चार टॉमी, ट्यूब बुडवायला पाण्याचं घमेलं आणि गरम पंक्चरचा शिकंजा. तेव्हा पंक्चर दोन प्रकारचं असायचं, थंड आणि गरम. सोल्यूशन लावून ठिगळ चिकटवलं की थंड. शिकंज्यात दाबून रबर शिजवलं की गरम. गरमला पैसे जास्त आणि बोटांना फोडही जास्त. मामा टायरमधून निघालेला प्रत्येक खिळा एका डालड्याच्या डब्यात टाकायचे. त्यात निम्मे बैलाच्या नालेचे खिळे असायचे, बाकी बाभळीचे काटे. आज माझ्याकडे तसा डबा ठेवला तर त्यात पत्र्याचे स्क्रू आणि ट्रकच्या फाटक्या टायरांतून सुटलेल्या तारा निघतील. बैलाचा खिळा वर्षाला एखादा.

मामांची एकच सवय मी उचलायला हवी होती आणि नेमकी तीच उचलली नाही. गिऱ्हाईक नवं टायर मागायला लागलं की मामा रॅककडे वळायचेच नाहीत. "पयले जुनं टायर दखाड," म्हणायचे. मग गाडीभोवती एक चक्कर, पुढचं चाक, मागचं चाक, तळहात दोन्ही बाजूंनी. मला वाटायचं म्हातारा वेळ काढतोय.

त्या काळात निवडायला होतं तरी काय? मापं इंचांत. आरएक्स १०० ला पुढे अडीच, मागे पावणेतीन, रिम अठराची. कंपन्या तीन-चार. मिलिमीटरचा हिशेब आमच्या बोळात हळूहळू शिरला. २००३ मध्ये करिझ्मा आली तिच्या पुढच्या टायरवर २.७५-१८ असं इंचांत लिहिलेलं आणि मागच्यावर १००/९०-१८ असं मिलिमीटरमध्ये. एकाच गाडीच्या दोन चाकांत दोन जमाने. मामा म्हणाले होते, "हाई गाडी अर्धी जुनी, अर्धी नवी शे." ज्यांना हे आकडे कधी कुणी सांगितले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: १००/८०-१७ म्हणजे टायरची रुंदी १०० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे ८० मिलिमीटर, आणि रिम १७ इंची. त्यापुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं. ६२ असेल तर ते टायर २६५ किलो वजन पेलतं. पी असेल तर ताशी १५० किलोमीटरपर्यंतच्या वेगाला, एस असेल तर १८० पर्यंत. सगळं टायरच्या अंगावरच लिहिलेलं असतं. वाचायला मात्र खाली वाकावं लागतं, आणि पोरं वाकतात ती फक्त रुंदी बघायला.

यामाहाची आर-१५ भारतात २००८ मध्ये आली. जळगावच्या रस्त्यांवर पहिल्यांदा दिसली तेव्हा आम्ही दुकानातली कामं सोडून बघायला बाहेर आलो होतो. अंगाने देखणी, पण मागचं टायर मात्र १००/८० चं. दीडशे सीसीच्या त्या इंजिनाला तेवढंच पुरेसं होतं आणि गाडी वळायची भिंगरीसारखी. पोरांना ते खुपायचं. "पुढून रेसर, मागून मोपेड," असं एकजण म्हणाला होता. मग २०११ मध्ये कंपनीने तिची दुसरी आवृत्ती आणली, मागे १३०/७० चं टायर घालून. झालं! जुन्या गाडीच्या प्रत्येक मालकाला आपली गाडी एका रात्रीत हडकुळी वाटायला लागली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी माझ्याकडे जी काही आर-१५ आली तिच्या मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "मागे एकशेतीसचं बसतं का?"

बसतं. तोच तर लोच्या आहे. जोर लावला, साबणाचं पाणी मारलं, हवा चढवली की टायर रिमवर टण्‌टण् बसतं आणि गाडी भारी दिसते.

२०१२ चा जून. बांभोरीकडे कॉलेजला जाणारा एक पोरगा मित्राला घेऊन आला. पाळधीकडचा. गाडी पहिली आर-१५, निळी, वडिलांनी जुनी घेऊन दिलेली. बसला मागच्या चाकापाशी. "भाऊ, एकशेतीस टाकून द्या ना." मित्र म्हणाला, "एकदम भारी दिसंल भो." मी रॅकवरून टायर काढलं. गाडी मधल्या स्टँडवर घेताना पुढचं टायर माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. नक्षी मधोमध संपलेली होती. टायरच्या खाचांत तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, कडेला त्यांची खूण असते. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आलं की ते संपलं. दुचाकीला कायद्याने किमान ०.८ मिलिमीटर खोल नक्षी लागते. या पोराच्या टायरला ती कडेला असेल, मधे नव्हती.

"पुढचंही गेलंय रे."

"ते पुढच्या महिन्यात टाकू भाऊ. आता एवढेच पैसे आणलेत."

मी हसलो आणि टॉमी उचलली. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. पंधरा मिनिटं बोललो असतो, १३० ऐवजी १०० चं दाखवलं असतं, तर त्याच पैशांत दोन्ही चाकं झाली असती. पण तो १३० मागत होता, माझ्याकडे १३० होतं, आणि दुकानाबाहेर आणखी दोन गाड्या उभ्या होत्या.

आठ-दहा दिवसांनी पहिला मोठा पाऊस झाला. आमच्याकडे पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतातून थेट हायवेवर चढतो. चाकांच्या दातांत अडकलेली काळी माती पुढचे शे-दोनशे मीटर डांबरावर पडत जाते. ओली काळी माती म्हणजे साबण. एरंडोल आणि पाळधीच्या मधे अशाच एका ठिकाणी त्या पोराने पुढचा ब्रेक दाबला. समोर काही नव्हतं, फक्त ट्रॅक्टर वळत होता. पुढचं चाक अडलं, सरकलं, आणि गाडी आडवी. खांद्याचं हाड आणि मनगट. हेल्मेट होतं, मागून ट्रक येत नव्हता. दोन्ही नशीबच.

पाच-सहा दिवसांनी छोटा हत्ती दुकानासमोर थांबला. मागे निळी गाडी आडवी बांधलेली. गाडीसोबत उतरले ते पोराचे वडील. भांडण होणार म्हणून मी मनाची तयारी केली, दुकानातल्या पोरालाही आत पाठवलं. ते मात्र शांतपणे स्टुलावर बसले, पाणी मागितलं, पाणी प्याले. मग उठून पुढच्या चाकापाशी गेले. मागच्या नाही. बसले आणि तळहात फिरवला, बरोबर माझे मामा फिरवायचे तसा.

"हे बघितलं होतं तुम्ही?"

खोटं बोलायचं सुचलं, पण जीभ वळली नाही. "बघितलं होतं बापू."

"मग विकलं का नाही?"

मला काही समजेना. रुंद टायर का विकलं असं ते विचारतील, ही माझी तयारी. ते विचारत होते पुढचं का विकलं नाही! "दोन टायरांचं गिऱ्हाईक होतं," ते म्हणाले, "तुम्ही एकच विकलं. धंदासुद्धा धड केला नाही."

ते एस.टी.त होते, टायर विभागात, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्या दिवशी तासभर बसले आणि मी वीस वर्षांत शिकलो नव्हतो ते बोलून गेले. एस.टी.च्या गाडीला नवं टायर पुढे लागतं. रिमोल्ड केलेलं पुढे चालत नाही, ते मागच्या जोडचाकांत जातं. का? मागचं गेलं तर गाडी डगमगेल, पण ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंग राहील. पुढचं गेलं तर स्टिअरिंगच जातं. "आणि तिथे तर सहा चाकं असतात," ते म्हणाले. "या गाडीला दोनच." ब्रेक दाबला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं जवळजवळ तरंगायला लागतं. थांबवण्याचं खरं काम पुढचं चाक करतं, वळवण्याचंही तेच करतं. मागचं ढकलतं आणि शोभून दिसतं. दुसऱ्या कुणाची गाडी पाठमोरी दिसते म्हणून आपल्याला मागच्या टायरची हौस, हे त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हाही पटलं आणि आजही त्याहून चांगलं कारण सापडलेलं नाही.

मग ते माझ्या १३० च्या टायरकडे वळले. जेमतेम तीनशे किलोमीटर चाललेलं. मधोमध बोटभर रुंदीची पट्टी घासून मळकट झालेली आणि दोन्ही बाजूंना नव्या रबराचे केस तसेच. रिम होती १०० च्या टायरची. रुंद टायर अरुंद रिमवर बसवलं की त्याचे दोन्ही ओठ आत खेचले जातात आणि पाठ वर येते. १३० मिलिमीटर विकत घ्यायचे आणि रस्त्याला टेकवायचे मूळच्यापेक्षाही कमी. त्या दिवशी मी कागदावर हिशेब मांडला. १००/८० च्या चाकाचा व्यास सुमारे ५९२ मिलिमीटर, १३०/७० च्या चाकाचा ६१४. म्हणजे गाडीचं मागचं अंग ११ मिलिमीटरने वर उचललं गेलं, वजन आणखी पुढे कललं, पिकअप पावणेचार टक्क्यांनी मेला आणि चाकाचं वजन वाढलं ते वेगळंच. कंपनीने दुसऱ्या आवृत्तीत १३० दिलं ते रिम आणि मागचा आख्खा पाळणा बदलून दिलं होतं. आम्ही फक्त रबर बदललं.

आणि एक गोष्ट त्यांनी विचारली नाही, मीच कबूल केली. नवं टायर साच्यातून निघताना अंगावर एक चकाकी घेऊन येतं. ती रस्त्यावर घासून जाईपर्यंत, शंभर-दीडशे किलोमीटर, टायर निसरडं असतं. गाडी हळू चालवायची, एकदम वाकवायची नाही. हे मी त्या पोराला सांगितलं नव्हतं. त्याच्या पडण्याशी त्या चकाकीचा संबंध नसेल, तो तोवर तीनशे चालला होता. पण सांगितलं नव्हतं हे खरं.

गाडीला पुढे ८०/९०-१७ आणि मागे १००/८०-१७ बसवून दिली. १३० चे पैसे परत देऊ केले तर बापूंनी ते दोन्ही टायरांच्या बिलातच वळते करायला लावले. ते १३० चं टायर मी विकलं नाही. दुकानात खिळ्याला टांगलंय. रुंद टायर मागणाऱ्याला आधी ते दाखवतो, मधली पट्टी बोट ठेवून. काहीजण समजतात. काहीजण "माझी रिम वेगळी आहे" म्हणतात. काही पलीकडच्या दुकानात जातात आणि तिथे बसवून घेतात. जाऊ देत.

तेव्हापासून मामांची सवय परत आणली. आधी पुढचं टायर दाखव, मग मागचं, मग बोलू. जुनं टायर माणसाबद्दल जेवढं सांगतं तेवढं माणूस सांगत नाही. जळगाव–धुळे हायवेवर रोज जाणाऱ्याचं मागचं टायर मधोमध चपटं होतं, पाटासारखं, आणि कडा कोऱ्या राहतात. एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे, सगळा रस्ता सरळसोट, वळायचं कुठे? अशा माणसाला कडेला मऊ रबर असलेलं महागडं टायर देणं म्हणजे त्याच्या खिशाला भोक पाडणं. त्याला मधे कठीण रबराचं, जास्त चालणारं टायर लागतं. दर रविवारी कन्नडच्या घाटात नाहीतर तोरणमाळला जाणाऱ्याचं उलटं. त्याच्या कडा झिजलेल्या असतात, पुढच्या टायरच्यासुद्धा. तो थोडं कमी टिकणारं, मऊ टायर मागतो आणि त्याला ते द्यावं. त्याला त्याची किंमत माहीत असते.

कडांवरून आठवलं. मधे एक पोरगा आला, टायरच्या अगदी टोकापर्यंत घासलेल्या कडा. मला वाटलं हा कुणीतरी पट्टीचा चालवणारा. नीट बघितलं तर ओरखडे सगळे आडवे, एका दिशेचे. कानशीने घासल्या होत्या, मित्रांना दाखवायला. मी काही बोललो नाही. फक्त "घाट कुठला?" एवढंच विचारलं. तो लाजला.

जळगाव–धुळे हायवेचं फागणे ते तरसोद चौपदरीकरण चाललं होतं त्या वर्षांत तर जुन्या टायरांनी वेगळीच गोष्ट सांगितली. वळणरस्त्यांवर धारदार खडी, अर्धवट खोदलेली कडा, रात्री न दिसणारी पायरी. टायरं झिजून मरत नव्हती, चिरून मरत होती. बाजूला फुगा आलेलं टायर रोज एक तरी यायचं. बाजूची चीर आणि फुगा, या दोन्हींवर इलाज नाही, स्ट्रिप लावून ते नीट होत नाही. तरी लोक विनवायचे, "पावसाळ्यापुरतं काढून दे ना." त्या वर्षांत स्पोर्ट बाइकवाल्यांनाही मी जाड बाजूचं, जड टायर सुचवायचो. गाडी थोडी सुस्त होते, पण घरी पोचते. रस्ता झाला तसा तो सल्ला मी बंद केला.

लोक मला विचारतात कुठल्या कंपनीचं चांगलं. खरं सांगायचं तर आपल्या देशातल्या चार-पाच मोठ्या कंपन्यांची या मापाची टायरं आता चांगलीच आहेत. एमआरएफ, सिएट, टीव्हीएसचं युरोग्रिप, अपोलो. फरक कंपनीपेक्षा नमुन्याचा असतो. एकाच कंपनीचं एक टायर सरळ रस्त्याचं, दुसरं घाटाचं. मिशेलिन, पिरेली मागणारेही असतात. जून २०२० मध्ये सरकारने बाहेरून येणाऱ्या टायरांवर परवान्याची अट घातली तेव्हा काही मापं महिनोन्‌महिने मिळेनात. ड्यूकवाल्यांचे फोन यायचे, "काका, आलं का?" त्या निमित्ताने काहींनी देशी टायर टाकून बघितलं आणि परत गेले नाहीत. टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. दोन्ही चाकांच्या बिलात पाच-सहाशेचा फरक पडतो. तो फरक पुढच्या टायरवर खर्च करा असं मी सांगतो, आणि लोक तो मागच्यावर खर्च करतात.

कंपनीपेक्षा मी तारीख जास्त बघतो. टायरच्या बाजूला शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. एकदा एका घाऊक व्यापाऱ्याने मला अडीच वर्षं जुना माल नवा म्हणून पाठवला. त्याच्या पत्र्याच्या गोदामात मी गेलो होतो, मे महिन्यात आत उभं राहवत नाही. जळगाव-भुसावळचा ४५ अंशांचा उन्हाळा, त्यात पत्रा. रबर न चालताच म्हातारं होतं, कडक होतं, खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा पडतात. माल परत केला. त्यानंतर बरेच महिने मला हवी ती मापं त्याच्याकडे "संपलेली" असायची. असो. गाडी रोज उन्हात लावणाऱ्याला मी म्हणूनच सांगतो, नक्षी शिल्लक असली तरी पाच वर्षांनी टायर दाखवून जा.

हवेचं तर बोलायलाच नको. "चाळीस भरून दे, मायलेज मिळतं," हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. कंपनीने मागे ३३ सांगितली असेल तर ३३, तीही सकाळी, गाडी थंड असताना. सकाळी २५ अंशांत भरलेली ३३ हवा टायर ४५ अंशांपर्यंत तापलं की ३६ च्या पुढे जाते, आणि चालताना टायर त्याहूनही तापतं. चाळीस भरलेलं टायर दुपारी दगड होतं. मधोमध झिजतं, खड्ड्यात उडतं. एबीएस असलेल्या गाडीचे मालक म्हणतात, आता कशाला घाबरायचं. २०१९ च्या एप्रिलपासून सव्वाशे सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं, चांगलं झालं. पण एबीएस चाक अडू देत नाही, एवढंच. पकड असते ती टायरचीच, आणि गोटा टायरकडे ती नसते.

खंडेनवमीला मी टॉमी, गेज, कॉम्प्रेसर यांची पूजा करतो. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पोरं गाड्या धुऊन आणतात, झेंडूची माळ घालतात आणि टायरला चकाकीचं पॉलिश मारतात. बाजूला मारलं तर हरकत नाही. काहीजण नक्षीवरसुद्धा मारतात, कारण फोटोत काळंभोर दिसतं. दर दसऱ्याला दुकानाबाहेर उभा राहून मी ओरडतो आणि दर दसऱ्याला कुणीतरी कोर्टाच्या चौकात घसरतो.

यामाहाने आर-१५ च्या २०१८ च्या आवृत्तीत मागे १४०/७० चं रेडियल दिलं. आता त्या गाडीची पोरं १५० मागतात. रोग जुनाच, आकडा नवा. टांगलेलं १३० काढून दाखवतो तेव्हा ते हसतात. एवढं बारीक? त्यांना वाटतं मी एकेकाळच्या बारीक टायरांचं कौतुक सांगतोय. मग मी मधली पट्टी दाखवतो आणि पुढचं टायर दाखव म्हणतो.

ती निळी गाडी अजून चालू आहे. पोरगा आता नाशिकला नोकरीला आहे, मनगट पावसाळ्यात दुखतं म्हणतो. गाडी त्याचा चुलतभाऊ चालवतो, पाळधी ते जळगाव, रोज. गेल्या महिन्यात तो आला आणि साइड स्टँड लावून सरळ पुढच्या चाकापाशी बसला. पुढे ८०/९०, मागे १००/८०, दोन्ही टायरं बदलून नेली.